लहान वाइनरीचे दमदार लाल मिश्रण : जोर नेमका कशाचा?

तळघर (धागाकर्ता)

गडद रंगाची, भारदस्त अंगाची, पहिल्याच घोटाला तोंड भरून टाकणारी लाल वाईन समोर आली की आपण बहुधा कौतुक करून मोकळे होतो आणि परीक्षण तिथेच थांबते. वास्तविक हा जोर वाईनमध्ये निरनिराळ्या वाटांनी येतो : सालीतून उतरलेल्या टॅनिन या तुरट द्रव्यांमुळे, मद्यार्कामुळे, ओकच्या पिंपामुळे, किण्वनानंतर उरलेल्या साखरेमुळे, किंवा द्राक्षे वेलीवर गरजेपेक्षा जास्त पिकू दिल्यामुळे. यांपैकी कोणत्या वाटेने तो आला आहे हे ओळखल्याशिवाय त्या वाईनविषयी आपण काही सांगितले, असे मला वाटत नाही.

नुकतेच एका लहान प्रादेशिक वाइनरीचे असे एक लाल मिश्रण चाखण्यात आले. चर्चा एका बाटलीच्या जाहिरातीची किंवा निंदेची होऊ नये म्हणून नाव देत नाही. बाटलीवरील माहितीनुसार त्यात ५० टक्के शिराझ, ३० टक्के कॅबर्ने सोव्हिन्याँ, १२ टक्के पेती व्हर्दो आणि ८ टक्के मर्लो अशी चार वाणांची द्राक्षे आहेत. मद्यार्क १४.५ टक्के. वाईन १४ महिने फ्रेंच ओकच्या पिंपांत ठेवलेली असून त्यांतील एक तृतीयांश पिंपे नवी होती, आणि वाईन न गाळता बाटलीत भरली आहे.

रंग मध्यभागी जवळजवळ अपारदर्शक, कडेला निळसर जांभळी झाक. ही झाक वाईन तरुण असल्याचे सुचवते आणि पीएच (आम्लतेचे उलटे माप : आम्लता कमी तितका तो वरचा) थोडा वरचा असावा असेही. कारण अँथोसायनिन ही रंगद्रव्ये जास्त आम्लतेत लाल दिसतात आणि आम्लता घटत गेली की निळसर होत जातात. मात्र दाट रंगावरून अंगाचा अंदाज बांधू नये. अ‍ॅलिकांत बूशे या वाणाच्या सालीप्रमाणे गरही लाल असतो, आणि त्याचा छोटासा हिस्सा एखाद्या सौम्य वाईनलाही काळीभोर करू शकतो. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या थेंबांचेही तेच. काठाशी मद्यार्क आधी उडून जातो, उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो आणि तो वर खेचला जाऊन थेंबांच्या रूपाने खाली येतो, हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच स्पष्ट केले होते. थेंब मद्यार्काविषयी बोलतात, दर्जाविषयी नाही.

गंध आधी ग्लास न हलवता घेतला तेव्हा व्हॅनिला, लवंग आणि भाजलेले लाकूड हेच पुढे होते; म्हणजे बोलत होते ते पिंप. ग्लास फिरवल्यावर काळ्या बेरी, पिकलेल्या जांभळाच्या जवळ जाणारे फळ आणि स्पष्ट काळी मिरी आली. ही मिरी शिराझची ओळख मानली जाते. तिला कारण असलेले रोटंडोन हे संयुग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये द्राक्षांत आणि वाईनमध्ये ओळखले. लाल वाईनमध्ये लिटरमागे सुमारे १६ नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही ते जाणवते, पण पाचांतील साधारण एका माणसाला त्याचा वास येतच नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी सापडली नाही तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चवीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. पहिला घोट गोडसर वाटला. साखर उरली असेल असे मला वाटत नाही. जास्त मद्यार्क आणि व्हॅनिलाचा गंध मिळून गोडव्याचा भास निर्माण करतात. मधला भाग भरलेला, कुठेही पोकळ नाही. त्यानंतर हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला टॅनिनची पकड बसली, आणि शेवटी घशात ऊब राहून जिभेच्या मागच्या बाजूला लाकडाचा कडवटपणा रेंगाळला. पहिल्या घोटावर निकाल देणे मात्र धोक्याचे असते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंडाचे वंगण कमी होते. लाळ पूर्ववत होण्याआधीच पुढचा घोट घेतला तर तुरटपणा साठत जातो. म्हणून पहिल्या घोटाला रेशमी वाटलेली वाईन चौथ्या घोटाला खरखरीत वाटू शकते. पुरेशी विश्रांती घेत चाखल्यावरही या वाईनचा शेवट कोरडाच राहिला.

उरलेली वाईन बूच लावून थंड जागी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चाखली. लाकूड बरेच मागे सरले होते, फळ आणि मिरी स्वच्छ झाली होती, परंतु घशातील ऊब तशीच होती. माझे मत असे की या मिश्रणाचा जीव शिराझमध्ये आहे आणि तो उत्तम आहे. पण प्रथमदर्शनी जाणवणारा जोर बऱ्याच अंशी ओक आणि मद्यार्क यांचा आहे. शेवटचा कोरडेपणा मी पेती व्हर्दोच्या १२ टक्क्यांच्या खात्यावर टाकतो. इतर सदस्यांचे काय मत आहे?

सालपट

परीक्षण आवडले, पण पेती व्हर्दोला इतक्या झटपट दोषी ठरवणे मला मान्य नाही.

हा वाण जाड सालीचा आणि फार उशिरा पिकणारा. फ्रान्समधील बोर्दोच्या थंडसर हवेत तो अनेक वर्षी नीट पिकतच नसे, त्यामुळे तिथे त्याचे प्रमाण थोडे ठेवण्याची रीत पडली. उष्ण प्रदेशांत तो पूर्ण पिकतो, आणि मग १२ टक्के काही अतिरेकी नव्हेत. काही ठिकाणी तो एकट्यानेही बाटलीत जातो. पिकलेल्या पेती व्हर्दोचे टॅनिन भरपूर असले तरी गालांवर पसरतात. आपण वर्णन केलेला कोरडेपणा जिभेच्या मागे आहे आणि त्यासोबत लाकडाचा कडवटपणा आहे. मला त्यात दोन संशयित दिसतात : नव्या पिंपाचे टॅनिन, किंवा साली दाबून काढलेल्या रसाचा मोठा हिस्सा. किण्वन झाल्यावर टाकीतून आपोआप वाहून येते ती मोकळी वाईन आणि उरलेल्या साली दाबल्यावर येते ती दाबाची वाईन. दुसरी अधिक गडद, अधिक तुरट आणि थोडी कडवट असते. मिश्रणाला कणा देण्यासाठी ती वापरतातच, पण हात सैल सुटला की शेवट असाच कोरडा होतो.

शिराझ आणि कॅबर्ने यांची जोडी मात्र जुनी आणि सिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी अशक्त वर्षांच्या वाईनला बळ देण्यासाठी ऱ्होन खोऱ्यातील हर्मिटाज येथील सिरा, म्हणजेच आपली शिराझ, तिच्यात मिसळत असत आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. ऑस्ट्रेलियाने हीच जोडी उघडपणे स्वीकारली; पेनफोल्ड्स या तिथल्या कंपनीची १९६२ ची ‘बिन ६०ए’ ही कूनावाराची कॅबर्ने आणि बरोसाची शिराझ यांचीच वाईन आहे. कॅबर्नेला सुरुवात असते, शेवट असतो, पण मध्यभागी ती अनेकदा रिकामी वाटते. बोर्दोत ती जागा मर्लो भरतो. आपल्या बाटलीत ८ टक्के मर्लोने ते काम केले असण्याची शक्यता कमी. मध्य भरला तो शिराझने.

एक विचारतो. गंधात कुठे ढोबळी मिरची किंवा हिरवा देठ जाणवला का? कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांची संतती असल्याचे १९९७ मध्ये जनुकीय चाचणीने सिद्ध झाले, आणि तिचा हिरवा वास देणारी पायराझिने तिच्या या दोन्ही पालकांतही आढळतात. द्राक्षे पिकत जातात तशी ती घटतात.

तळघर

हिरवेपणा अजिबात नव्हता. दुसऱ्या दिवशी सुकलेल्या तंबाखूच्या पानाचा वास तेवढा आला. म्हणजे कॅबर्ने पूर्ण पिकेपर्यंत थांबले होते. तसे असेल तर १४.५ टक्के मद्यार्कही त्या थांबण्याचाच परिणाम असणार. दाबाच्या वाईनचा मुद्दा पटण्यासारखा आहे. कोरडेपणाबरोबर कडवटपणा का होता, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

गणिती

मद्यार्काबद्दल थोडा हिशेब मांडतो. रसातील लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे १४.५ टक्क्यांसाठी रसात लिटरमागे जवळजवळ २४५ ग्रॅम साखर असली पाहिजे. शिवाय बाटलीवरचा आकडा हा काटेकोर नसतो. युरोपीय संघात सर्वसाधारणपणे अर्ध्या टक्क्याची सूट आहे, तर अमेरिकेत १४ टक्क्यांच्या वर एका टक्क्याची. त्यामुळे छापील १४.५ म्हणजे नियमभंग न करताही १५ किंवा त्याहून थोडे अधिक असू शकते. आपल्याला जाणवलेली ऊब आकड्यापेक्षा जास्त वाटली असेल तर तो केवळ भास समजू नका.

मिश्रणात मद्यार्क सरळ सरासरीने बदलतो : १५ टक्क्यांच्या वाईनचे ६० भाग आणि १३.७५ टक्क्यांच्या वाईनचे ४० भाग मिळून बरोबर १४.५ होतात. साखरेचेही तसेच. पीएचचे मात्र तसे नाही, कारण ते लघुगणकी माप आहे आणि वाईनमधील आम्ले व क्षार बदलाला विरोध करतात. तुरटपणाची जाणीव तर त्याहून बेभरवशाची आहे. आम्लता वाढली की तेच टॅनिन अधिक तुरट लागतात, साखर वाढली की कमी तुरट लागतात, आणि मद्यार्क वाढला की कडवटपणा वर येतो. म्हणून कोणतीही शहाणी वाइनरी मिश्रण कागदावर ठरवत नाही. मोजनळ्यांत लहान लहान नमुने तयार करून ते ओळख झाकून चाखले जातात, काही दिवस ठेवून पुन्हा चाखले जातात, आणि मग टाकीला हात लावला जातो.

उरलेल्या साखरेविषयी आपण म्हणता ते संभवते, पण खात्री जिभेने होणार नाही. युरोपीय नियमांनुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन कोरडी म्हणवते, आणि आम्लता पुरेशी असल्यास ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. एवढी साखर गोड म्हणून जाणवेलच असे नाही, पण टॅनिनचे कोपरे ती नक्की घासून टाकते. तुमच्या वाईनचा शेवट कोरडा आणि खरखरीत आहे, यावरूनच तिथे साखरेने काही झाकलेले नाही असे मी म्हणेन.

खडूस वाचक

सर्वांचा व्यासंग मान्य करून एक आक्षेप नोंदवतो. टक्केवारी आधी वाचून मग वाईन चाखली, तर शिराझमध्ये मिरी आणि पेती व्हर्दोमध्ये कोरडेपणा सापडणारच. मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दिऊ या फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन आणि तीच वाईन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली. रंगवलेल्या वाईनचे वर्णन त्यांनी लाल वाईनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले. मग छापील माहितीने जिभेला का फसवू नये? बाटलीच्या वजनाचा परिणाम तर मी धरतच नाही. ‘दमदार’ वाईन जाड काचेच्या बाटलीतच का भरायची, याचे उत्तर वाईनमध्ये सापडत नाही.

तळघर

आक्षेप रास्त आहे, पण त्याचा रोख चाखण्यावर नसून उघड्या डोळ्यांनी चाखण्यावर आहे. त्या प्रयोगातून एवढेच निघते की रंग दिसत असताना आपण गंधासाठी शब्द कुठून उचलतो. वासातला फरक कळतच नाही, असे त्यातून निघत नाही.

यावरचे उपाय सोपे आहेत. दुसऱ्याकडून वाईन काळ्या किंवा झाकलेल्या ग्लासात ओतून घ्यावी. त्याहून उपयोगी अशी त्रिकोणी चाचणी : तीन ग्लास, त्यांपैकी दोनांत एकच वाईन आणि तिसऱ्यात वेगळी, वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश असल्यामुळे पुष्कळदा करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ग्लास सर्व सारखे हवेत. चाखण्यासाठीच्या ग्लासचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३५९१ हे १९७७ पासून उपलब्ध आहे आणि त्यात आतल्या बाजूला वळणारा काठ गंध धरून ठेवतो. शब्दांच्या बाबतीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अ‍ॅन नोबल यांनी १९८४ च्या सुमारास तयार केलेले गंधचक्र मला अजूनही कामाचे वाटते, कारण ते ‘उमदी’ किंवा ‘रुबाबदार’ अशा विशेषणांना जागाच देत नाही. मिरी, लवंग, ओले लाकूड असे दाखवता येण्याजोगे पदार्थच त्यात आहेत. दमदार लाल वाईनच्या वर्णनात विशेषणांचा पूर येतो तो मुख्यतः या शिस्तीच्या अभावी.

आपण म्हणता तो बाटलीच्या वजनाचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य.

पिंपवाला

लहान वाइनरीच्या तळघरात काम केलेले असल्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. इथे सर्वांनी मिश्रणाची टक्केवारी हा वाईन बनवणाऱ्याचा मुक्त निर्णय असल्यासारखी चर्चा केली आहे. मोठ्या कारखान्यात शेकडो पिंपांतून निवड करता येते. लहान जागी एका वर्षात एका वाणाची चार-पाच पिंपे असतात, आणि २२५ लिटरचे एक पिंप म्हणजे जेमतेम ३०० बाटल्या. त्यातले एक पिंप बिघडले तर तो वाण मिश्रणातून कमी होतो, आणि त्याचे कारण कुठल्याही लेबलावर छापले जात नाही. ५०, ३०, १२, ८ हे आकडे चवीने ठरवलेले असतील. किंवा त्या वर्षी तळघरात जेवढे होते तेवढेही असतील.

ओकबद्दलही तेच. ‘एक तृतीयांश नवी पिंपे’ हे वाक्य लहान वाइनरीत कधी कधी अक्षरशः तिनांतले एक असते. त्या एकट्या नव्या पिंपात कोणता वाण गेला यावर सगळे अवलंबून असते. शिराझ गेली असेल तर फळ झाकले जाते. कॅबर्ने गेली असेल तर ती लाकूड पचवते. धागाकर्त्यांना फिरवण्याआधीच व्हॅनिला आली आणि दुसऱ्या दिवशी मिरी मोकळी झाली, त्यावरून नव्या पिंपात शिराझच होती असा माझा तर्क आहे.

न गाळलेल्या वाईनविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. न गाळल्याने अंग टिकते हे खरे. पण त्यासाठी स्वच्छता कडक लागते. ब्रेटॅनोमायसिस नावाचे यीस्ट जुन्या पिंपांच्या लाकडात मुक्काम करते आणि ४-इथाइल फिनॉलसारखी संयुगे तयार करते. तबेल्याचा किंवा औषधी पट्टीचा वास ही त्याची खूण. या यीस्टचे वर्णन कार्ल्सबर्ग मद्यशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लिश बिअरच्या संदर्भात केले, आणि त्या बिअरला ते हवेहवेसे मानले जाई. काही लाल वाईनप्रेमीही त्याच्या हलक्या स्पर्शाला ‘मातीचा गंध’ म्हणून दाद देतात. मी देत नाही. लहान वाइनरीची वाईन म्हणून दोष गोड मानून घेण्याची सवय लागली की दोष सुधारण्याचे कारण उरत नाही. व्हिनेगरसदृश तीक्ष्णतेचेही तसेच. युरोपीय नियम लाल वाईनमध्ये उडून जाणाऱ्या आम्लांना लिटरमागे १.२ ग्रॅमपर्यंत परवानगी देतात, पण नाकाला ते त्याच्या बरेच आधी खटकू लागते, आणि जास्त मद्यार्काच्या वाईनमध्ये तो डंख ‘जोर’ म्हणून खपून जातो. आपल्या नोंदीत यांपैकी काही दिसत नाही, ही त्या वाइनरीच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

सालपट

नव्या पिंपात शिराझ असल्याचा तर्क योग्य वाटतो. त्यात एवढेच जोडतो की कॅबर्नेसाठी जुनी पिंपे वापरली असतील तर त्यांच्या स्वच्छतेची काळजी घेतली गेली आहे, कारण तंबाखूच्या पानाखेरीज तिथून काही आलेले नाही.

खडूस वाचक

मग प्रश्न असा : ही बाटली आता उघडावी की ठेवावी? आणि कोणत्या तापमानाला?

तळघर

तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस. याहून गरम झाली तर मद्यार्क आधी नाकात शिरतो आणि बाकी सर्व मागे पडते. १२-१३ अंशांपर्यंत थंड केली तर टॅनिन अधिक कठोर आणि फळ मुके होते. ही वाईन मी मर्यादेच्या खालच्या टोकाला, १६ अंशांजवळ देईन, कारण ऊब हाच तिचा प्रश्न आहे. न गाळलेली असल्याने बाटली आधी उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा आणि तासभर आधी रुंद भांड्यात सावकाश ओतावी.

पिंपवाला

ठेवण्याबद्दल माझे मत देतो. पुढील काही वर्षांत टॅनिन आणि अँथोसायनिन यांची जुळणी होत राहील, निळसर झाक विटकरीकडे सरकेल आणि शेवटचा खरखरीतपणा थोडा मऊ होईल. ओकचा वास फळात मिसळेल. मद्यार्क मात्र बूच लावलेल्या बाटलीत कमी होत नाही, आणि फळ कमी होते. म्हणून आज जी ऊब फळाच्या आड आहे ती आणखी पाच-सहा वर्षांनी उघडी पडण्याची शक्यता मला जास्त दिसते. रंगावरून पीएच वरचा असल्याचा अंदाज खरा असेल तर लांब ठेवण्याच्या विरोधात तो दुसरा मुद्दा ठरतो, कारण पीएच वाढला की गंधकाच्या संरक्षक डोसाचा परिणाम घटतो. लहान वाइनऱ्या विचारल्यावर पीएच आणि उडून जाणाऱ्या आम्लांचे आकडे सहसा सांगतात, ते ३.८ च्या वर पीएच सांगत असतील तर दोन-तीन वर्षांत संपवावी, ३.६ च्या आसपास असेल तर एखादी बाटली बाजूला ठेवण्यास हरकत नाही.